हळदीतील कर्क्युमिन : कॅप्सूल, गुडघेदुखी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी

वडोदऱ्यातील दांडिया बाजारात राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ६६ वर्षांच्या यजमानांच्या हृदयात काही वर्षांपूर्वी धातूची कृत्रिम झडप बसवलेली असून ते रोज रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेतात. त्यांना मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. अमेरिकेहून आलेल्या मुलाने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्यासारखी हळदीतील पिवळी द्रव्ये, आणि सोबत ५ मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीतील तिखट द्रव्य, असे बाटलीवर लिहिले आहे. दिवसाला दोन याप्रमाणे तीन आठवडे झाले असून गुडघ्यांना थोडा आराम वाटतो. सासूबाईंचे म्हणणे असे की हळद आपण जन्मभर खातो, तिची भीती कसली. भगिनींना स्वतःला दोनदा मुतखडा झाला आहे, आणि हळदीतील अँटीऑक्सिडंट सर्वांनाच चांगला असेल तर आपणही या कॅप्सूल सुरू कराव्यात का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तरातील निकडीचा भाग आधी सांगतो. यजमानांच्या कॅप्सूल आजच बंद कराव्यात आणि येत्या दोन-तीन दिवसांत रक्ताची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे आकड्यात सांगणारी तपासणी, करून घ्यावी; आकडा जितका मोठा तितके रक्त अधिक पातळ. वॉरफरिनची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये, तिची मात्राही घरच्या घरी कमी करू नये, कारण धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरली तर तो धोका रक्तस्रावाइतकाच गंभीर असतो. तपासणीचा आकडा आणि कॅप्सूलची बाटली या दोन्ही गोष्टी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवाव्यात. कॅप्सूलचा परिणाम ओसरल्यावर आयएनआर पुन्हा खाली जाण्याची शक्यता असते, म्हणून एक-दीड आठवड्याने तीच तपासणी पुन्हा करावी लागेल. यादरम्यान शौचाला काळे होणे, लघवीतून रक्त जाणे, हिरड्यांतून रक्त येणे, मार न लागता अंगावर निळे डाग उठणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी होणे यांपैकी काहीही दिसले तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे.

एवढ्या तातडीने हे सांगण्याचे कारण असे की असा प्रसंग प्रत्यक्षात नोंदला गेलेला आहे. वॉरफरिनवर स्थिर असलेल्या एका रुग्णाने हळदीचे उत्पादन घ्यायला सुरुवात केल्यानंतर काही आठवड्यांतच त्याचा आयएनआर १० च्या वर गेला, अशी नोंद न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. कृत्रिम झडप असलेल्या माणसाचा आयएनआर झडपेच्या जागेनुसार साधारण २ ते ३.५ या पट्ट्यात राखला जातो. १० म्हणजे कुठेही, अगदी मेंदूतही, आपोआप रक्तस्राव होऊ शकेल अशी स्थिती होय. प्रत्येकाच्या बाबतीत असेच घडते असे नव्हे, पण कोणाच्या बाबतीत घडेल हे आधी सांगता येत नाही.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ते अनुभवातून आलेले आहे आणि त्याला नुसते झटकून टाकणे योग्य होणार नाही. स्वयंपाकातील हळद सुरक्षित आहे हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. फक्त कॅप्सूलमध्ये जे आहे ते स्वयंपाकातील हळद नव्हे. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडे धरून या पिवळ्या द्रव्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्के असते, जातीनुसार ते कमीजास्त होते. एखादा माणूस वरण, भाजी, आमटी मिळून दिवसाला अडीच ग्रॅम हळद खातो असे धरले, तरी त्याच्या पोटात सुमारे ७५ मिलिग्रॅम कर्क्युमिनॉइड जातात. आपल्या यजमानांच्या दोन कॅप्सूलमधून ९५० मिलिग्रॅम जातात. एवढे द्रव्य हळदीतून मिळवायचे तर रोज सुमारे ३० ग्रॅम पूड खावी लागेल, म्हणजे एका माणसाची बारा-तेरा दिवसांची हळद एका दिवसात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने अन्नातील रंग म्हणून कर्क्युमिनची रोजची स्वीकार्य मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम ठरवलेली आहे. ७० किलोच्या माणसाला ती २१० मिलिग्रॅम होते. ही मर्यादा ओलांडली की लगेच विषबाधा होते असा तिचा अर्थ नाही. जन्मभर रोज घेतले तरी निर्धास्त राहता येईल अशी ती रेषा आहे, आणि पिढ्यांचा जो अनुभव सासूबाई सांगतात तो या रेषेच्या आतला आहे. रेषेच्या चौपटीहून अधिक मात्रेचा असा पिढ्यांचा अनुभव कोणत्याही घराजवळ नाही.

याच संदर्भात पेटंटच्या खटल्याची आठवण अनेक जण देतात. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाबद्दल १९९५ मध्ये पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि जुने ग्रंथ व शोधनिबंध पुरावा म्हणून मांडून १९९७ मध्ये ते रद्द करवले. त्याचा अभिमान मलाही आहे. मात्र तिथे सिद्ध झाले ते एवढेच की जखमेवर हळद लावण्याचे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होते. शुद्ध केलेला अर्क महिनोन् महिने पोटात घेणे निर्धोक आहे, हा मुद्दा त्या खटल्यात नव्हताच.

अँटीऑक्सिडंट या शब्दाभोवती एवढी अपेक्षा जमली आहे की त्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. पेशींमध्ये ऊर्जा तयार होताना काही अस्थिर, चटकन प्रक्रिया करणारे रेणू निर्माण होतात. ते प्रमाणाबाहेर वाढले तर पेशींच्या आवरणांना, प्रथिनांना आणि जनुकद्रव्याला इजा करतात. त्यांना निष्प्रभ करणारे द्रव्य ते अँटीऑक्सिडंट, आणि परीक्षानळीत कर्क्युमिन हे काम उत्तम करते, यात शंका नाही. परंतु हेच अस्थिर रेणू शरीराला हवेही असतात. पांढऱ्या पेशी त्यांच्याच साहाय्याने जंतू मारतात, आणि व्यायामानंतर स्नायूंना बळकट होण्याचा जो संकेत मिळतो त्यातही त्यांचा वाटा असतो. म्हणून ते जितके दडपू तितके आरोग्य वाढेल, हे गणित खरे ठरलेले नाही. याचा सर्वांत कठोर धडा गाजरातील केशरी द्रव्याने, बीटा-कॅरोटिनने, दिला. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. दोन वर्षांनी अमेरिकेतील तशाच मोठ्या चाचणीने तोच कल दाखवला आणि ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. गाजर खाणाऱ्यांना असे काही होत नाही. वनस्पतीतील द्रव्य अन्नातून जाणे आणि तेच द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत जाणे, यांत शरीराच्या दृष्टीने किती अंतर आहे, हे त्या दोन चाचण्यांनी दाखवले.

कर्क्युमिनपुढे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे ते रक्तात पोहोचतच नाही म्हटले तरी चालेल. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून थोडेच शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याला आतड्याची भिंत व यकृत लगेच दुसरे रेणू जोडून बाहेर टाकण्याजोगे करून टाकतात. शरीरातील द्रवांइतक्या आम्ल-अल्कतेच्या साध्या द्रावणात ठेवले तरी त्याचा बहुतेक भाग अर्ध्या तासात विघटित होतो. प्रयोगशाळेत पेशींवर परिणाम दिसतो तो ज्या मात्रेला दिसतो, तिच्या शतांशानेही मात्रा तोंडाने घेतल्यावर रक्तात सहसा आढळत नाही. शिवाय या द्रव्याला स्वतःची चमक आहे आणि ते अनेक प्रथिनांना ढोबळपणे चिकटते, त्यामुळे प्रयोगशाळेतील कित्येक तपासण्या त्याच्यामुळे फसतात आणि नसलेला परिणाम दाखवतात. औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१७ मध्ये घेतलेल्या विस्तृत आढाव्यात हे सारे मांडले असून, शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही निर्विवाद यश एकाही काटेकोर चाचणीत मिळालेले नाही, असा निष्कर्ष काढला. मी स्वतः एवढ्या टोकाला जात नाही, त्याचे कारण पुढे गुडघ्यांच्या संदर्भात येईल. परंतु कर्करोग, स्मृतिभ्रंश, हृदयविकार अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या दहा आजारांची नावे एकाच बाटलीच्या जाहिरातीत दिसली, तर ती परीक्षानळीतून थेट जाहिरातीत आलेली असतात, हे वाचकांनी ओळखावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर झालेल्या लहान चाचण्यांत तर फायदा दिसलेलाच नाही.

शोषणाची ही अडचण दूर करण्यासाठीच आपल्या कॅप्सूलमध्ये पायपरीन घातलेले आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिले, तेव्हा रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन सुमारे वीसपट झाले. “दोन हजार टक्के अधिक शोषण” हे बाटल्यांवर छापले जाणारे वाक्य याच प्रयोगातून आलेले आहे. वाक्य खरे आहे, पण मूळ पातळी जवळजवळ शून्य असल्यामुळे वीसपट होऊनही ती अल्पच राहते, आणि ही वाढ पहिल्या तासाभरापुरतीच दिसली होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत सांगितली जात नाही. पायपरीन काही खास कर्क्युमिनसाठी वेगळी वाट उघडत नाही. बाहेरून आलेली द्रव्ये निकामी करणारी आतड्यातील आणि यकृतातील यंत्रणाच ते काही काळ मंद करते. ही यंत्रणा म्हणजे आपल्या शरीराचे जकात नाके आहे, आणि पहारा ढिला झाला की त्या वेळी येणारा प्रत्येक माल अधिक प्रमाणात आत शिरतो. पायपरीनमुळे फेनिटॉइन हे फिट्सचे औषध, प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे औषध आणि थिओफिलिन हे दम्याचे औषध यांची रक्तातील पातळी वाढते, हे मानवी प्रयोगांत दिसलेले आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या आणि शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस घेणाऱ्या माणसासाठी तर अशी ढवळाढवळ फार महाग पडू शकते. वॉरफरिनचे काम आधीच अतिशय अरुंद पट्ट्यात चालते. त्यात कर्क्युमिनचा रक्तबिंबिकांना, म्हणजे गुठळी धरणाऱ्या कणांना, किंचित मंद करण्याचा गुण मिळाला की दोन्ही बाजूंनी जोर एकाच दिशेने लागतो. वरणातल्या चिमूटभर मिरपुडीबद्दल हे म्हणणे नाही. ती खुशाल घालावी.

आता गुडघे. यजमानांना वाटणारा आराम हा केवळ मनाचा खेळ आहे असे मी म्हणणार नाही, कारण कर्क्युमिनच्या बाजूचा त्यातल्या त्यात भक्कम पुरावा गुडघ्यांच्या झिजेबाबतच आहे. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १,५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि रोज १,२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन यांची चार आठवडे तुलना केली गेली. वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत अर्क त्या वेदनाशामकाच्या मागे पडला नाही, आणि पोटाच्या तक्रारी अर्क घेणाऱ्यांत कमी होत्या. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ७० रुग्णांवर बारा आठवडे केलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे अर्क घेणाऱ्यांची वेदना नकली कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा १०० च्या मापावर सरासरी ९ अंकांनी अधिक उतरली. हा फरक जाणवण्याजोगा आहे, पण फार मोठा नाही. याच चाचणीत एमआरआय करून सांध्यातील पाणी आणि कूर्चाही पाहिली होती, आणि तिथे मात्र काहीच फरक आढळला नाही. म्हणजे दुखणे थोडे कमी झाले, झीज होती तशीच राहिली. “कूर्चा पुन्हा तयार होते” असे जे सांगितले जाते त्याला या चाचणीत आधार सापडत नाही.

एक बाब इथे विसरून चालणार नाही. अशा चाचण्यांत सहसा रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना प्रवेशच दिला जात नाही, म्हणून “कोणताही गंभीर दुष्परिणाम आढळला नाही” हे त्यांतील वाक्य आपल्या यजमानांना लागू होत नाही. जे द्रव्य दुखण्यावर आयबुप्रोफेनच्या बरोबरीने काम करते असे आपण मान्य करतो, त्याला औषधासारखेच वागवले पाहिजे. गुण औषधाचे आणि जोखीम भाजीची, असे होऊ शकत नाही. दुर्दैवाने कायदा त्याला अन्न मानतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यापासून पूरक आहाराच्या उत्पादनांना बाजारात येण्यापूर्वी परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही, आणि आपल्याकडेही ही उत्पादने औषध नियंत्रकाऐवजी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. वडोदऱ्यासारख्या शहरात, जिथे १९०७ पासून औषधनिर्मिती चालत आलेली आहे आणि घराघरांतून कोणी ना कोणी त्या उद्योगात काम केलेले आहे, तिथे गोळीच्या प्रत्येक घाण्याची तपासणी म्हणजे काय असते हे समजावून सांगावे लागू नये.

इतर आजारांबद्दल थोडक्यात. आतड्याला व्रण पडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये नेहमीच्या औषधाला जोड म्हणून रोज २ ते ३ ग्रॅम कर्क्युमिनचा उपयोग जपान आणि इस्रायलमधील चाचण्यांत दिसला, तर कमी मात्रेत दिलेल्या भारतीय चाचणीत दिसला नाही. पोटाच्या कार्यात्मक अपचनात थायलंडमधील २०२३ च्या चाचणीत ते ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या बरोबरीचे ठरले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २४० लोकांवर थायलंडमध्येच केलेल्या चाचणीत नऊ महिन्यांत कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी एकालाही मधुमेह झाला नाही आणि इतरांपैकी सुमारे १६ टक्क्यांना झाला. हा निकाल इतका ठळक आहे की तो दुसरीकडे, मोठ्या संख्येवर पुन्हा मिळेपर्यंत त्यावर उपचार ठरवू नयेत असे माझे मत आहे. यजमानांच्या दृष्टीने यातील उपयोगी भाग एवढाच की साखर किंचित उतरवण्याचा गुण या अर्कात असू शकतो, आणि ग्लिमेपिराइड ही गोळी स्वतःच साखर अवाजवी उतरवू शकते. गेल्या तीन आठवड्यांत जेवणाआधी घाम, थरथर किंवा घाबरेपणा जाणवला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

यकृताचा मुद्दा मी मुद्दाम स्वतंत्र ठेवला आहे, कारण हळद यकृताचे रक्षण करते अशी आपली ठाम समजूत आहे. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक उत्पादनांनंतर कावीळ झालेले रुग्ण एकापाठोपाठ आढळले, आणि पुढे २०२२ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने अशा उत्पादनांवर यकृताला फायदा होतो असा दावा करण्यास बंदी घालून धोक्याची सूचना छापणे बंधनकारक केले. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधन-जाळ्याकडे २००४ ते २०२२ या काळात हळदीशी निगडित दहा रुग्णांची नोंद झाली. त्या सर्व २०११ नंतरच्या आहेत आणि त्यांतील एक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली, म्हणजे हा त्रास काही ठराविक प्रकृतीच्या लोकांना होतो असे दिसते. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिघांत पायपरीनही होते. करोडो लोक ही उत्पादने घेतात हे पाहता धोका विरळ आहे, पण ज्याला होतो त्याला तो बाटली वाचून कळत नाही. भूक मरणे, गडद लघवी, अंगाला खाज आणि डोळे पिवळे होणे ही लक्षणे असे उत्पादन घेणाऱ्याला दिसली तर ते बंद करून यकृताच्या तपासण्या कराव्यात. अशा वेळी “मी फक्त हळद घेतो” हे वाक्य रुग्ण डॉक्टरांना सांगतच नाहीत, कारण ते औषधात मोडते असे त्यांना वाटत नाही, आणि मग कारण शोधण्यात आठवडे जातात. दुष्परिणाम आढळल्यास वैद्यकीय महाविद्यालयांतील औषध-दुष्परिणाम नोंद केंद्रांकडे तो कळवता येतो.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर कॅप्सूल आधीच थांबवाव्यात. कॅनडात पोटातील महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या ६०६ रुग्णांवर केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या मात्रेतील कर्क्युमिनचा फायदा तर झाला नाहीच, उलट मूत्रपिंडांना तात्पुरती इजा होण्याचे प्रमाण १७ टक्के आढळले, नकली औषध घेणाऱ्यांत ते १० टक्के होते. दात काढण्यासारखी साधी प्रक्रियाही आपल्या यजमानांच्या बाबतीत साधी नसते.

आपल्या स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर मुतखड्यावर अवलंबून आहे. हळदीत ऑक्झॅलेटचे प्रमाण बरेच असते आणि त्याचा मोठा भाग पाण्यात विरघळणारा असल्यामुळे तो शोषला जाऊन लघवीत उतरतो. हळदीची पूड पूरक म्हणून काही आठवडे दिल्यावर लघवीतील ऑक्झॅलेट वाढते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी प्रयोगात दाखवले गेले आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात आणि गुजरातच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले की ते चटकन धरतात. कॅप्सूलमधील शुद्ध अर्कात ऑक्झॅलेट पुडीएवढे नसले तरी अनेक उत्पादनांत अर्काबरोबर साधी पूडही मिसळलेली असते. दोनदा खडा झालेल्या व्यक्तीने, निश्चित गरज नसताना, अशी कॅप्सूल किंवा चमचाभर हळद पाण्यातून पिण्याचा प्रकार सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनाही हेच सांगेन, कारण २० मिलिग्रॅम एवढ्या अल्प कर्क्युमिननेही पित्ताशय आकुंचन पावते आणि खडा नळीत सरकून अडकू शकतो. ज्यांच्या अंगात लोह कमी आहे त्यांनीही मोठी मात्रा टाळावी, कारण हे द्रव्य लोहाला धरून ठेवते.

स्वयंपाकातील हळद मात्र दोघांनीही नेहमीप्रमाणे खावी, अगदी निःशंकपणे खावी. वॉरफरिनवर असणाऱ्याने प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे, एवढेच पथ्य. हिवाळ्यात खंडेराव मार्केटमध्ये ओल्या हळदीचे ढीग लागतात आणि आपल्या गुजराती शेजाऱ्यांप्रमाणे आपल्याही ताटात पिवळी हळद आणि फिकट आंबेहळद लिंबू-मिठात येते. दोन-चार काप जेवणाबरोबर खायला हरकत नाही, वाटीभर खाण्याचा नेम मात्र यजमानांनी करू नये. हळद तेलाच्या फोडणीत घालण्याची आपली रीत शास्त्राला धरून आहे, कारण कर्क्युमिन स्निग्धात विरघळते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिजवताना हळदीतील २७ ते ५३ टक्के कर्क्युमिन नष्ट होते आणि सर्वाधिक हानी प्रेशर कुकरमध्ये होते असे आढळले. चिंच असताना ही हानी १२ ते ३० टक्क्यांवर आली. आंबट आमटीत हळद अधिक टिकते, असा त्याचा आपल्या स्वयंपाकघरापुरता अर्थ.

हळदीच्या शुद्धतेकडे माझ्या मते कर्क्युमिनच्या टक्क्यांपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवे. हळकुंडांना पिवळा तजेला आणण्यासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे रंगद्रव्य, चोळण्याचा प्रकार दक्षिण आशियात आढळलेला आहे, आणि शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. बांगलादेशात हे उघड झाल्यावर सरकारी कारवाई आणि जनजागृती यांमुळे भेसळयुक्त नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले, म्हणजे हे थांबवता येते. हाथीखान्यातून वर्षाची हळद भरणाऱ्या घरांनी फार झळझळीत दिसणारी, हाताला भडक रंग लागणारी हळकुंडे घेऊ नयेत. पुडीची प्राथमिक परीक्षा घरीही होते. काचेच्या पेल्यातील पाण्यात चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवली तर शुद्ध हळद बहुतांश तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. शिशाची खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

रात्री पाव चमचा हळद घालून दूध पिण्याची सासूबाईंची सवय चालू राहू द्यावी. त्यातून सुमारे २० मिलिग्रॅम कर्क्युमिन जाते, त्याने गुडघे बरे होणार नाहीत आणि अपायही होणार नाही.

कॅप्सूल बंद केल्यावर गुडघ्यांचे काय, हा रास्त प्रश्न उरतो. वॉरफरिन चालू असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. डायक्लोफेनॅकचे मलम अंगात कमी जाते, तरी रोज लावायचे असल्यास डॉक्टरांना विचारून आणि आयएनआरवर नजर ठेवूनच लावावे. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरे, पण सलग अनेक दिवस दिवसाला २ ग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास तेही आयएनआर वाढवते, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. सर्वांत भरवशाचा उपाय मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देण्याचा आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच-दहा सेकंद धरणे, पडून सरळ पाय उचलणे, आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे हे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेऊन रोज करावेत. त्यांचा गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तोवर बहुतेक जण ते सोडून देतात, म्हणून घरातील कोणीतरी सोबत करणे उपयोगी पडते. वजन जास्त असेल तर अंगावरचे एक किलो कमी झाल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरले तर मिळणारा आराम कोणत्याही कॅप्सूलपेक्षा अधिक असेल. रविवारची शेवउसळ पूर्ण सोडायला मी सांगणार नाही, पण तिच्यावरचे तेल आणि पावांची संख्या यांत कपात करावी. चालणे सपाट जागी असावे, कमाटी बागेतील सकाळची वाट त्यासाठी उत्तम आहे. मांडी घालून किंवा उकिडवे बसणे टाळावे आणि अधिक दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरावी.

आणखी एक गोष्ट, विशेषतः येत्या दोन आठवड्यांसाठी. एखादा गुडघा काही तासांत अचानक सुजला, गरम लागू लागला आणि वाकवता येईनासा झाला, तर तो नेहमीच्या झिजेचा त्रास समजून शेकत किंवा चोळत बसू नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या माणसात तो सांध्यातील रक्तस्राव असू शकतो. अशा वेळी गुडघ्याला विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा आणि त्याच दिवशी आयएनआर करून डॉक्टरांना दाखवावे.